परिसराचा अंक काढताय? लेख मागू नका, प्रश्न विचारा

नमस्कार. आपल्या सोसायटीचा, कॉलनीचा, आळीचा एक छापील अंक निघावा असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी आजचा व्हिडिओ. फार मोठा नाही, चार पानांचा अंक. लिहिणारे आपल्याच परिसरातले आणि वाचणारेही.

हे काम कुठे अडतं ते आधी सांगते. पैशावर फारसं अडत नाही. छपाईवर तर नाहीच, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे ए-थ्री कागद दोन्ही बाजूंनी छापून मध्ये दुमडला की चार पानं तयार. अडतं ते मजकुरावर. अंक काढायचं ठरतं, फलकावर सूचना लागते, ग्रुपवर मेसेज जातो: 'सर्वांनी आपले साहित्य पाठवावे.' मग जे एरवीही लिहितात त्यांच्या कविता येतात, कुणाचं प्रवासवर्णन येतं, आणि बाकीची घरं गप्प राहतात. दुसऱ्या अंकाला तीच नावं. तिसरा अंक बहुतेक वेळा निघतच नाही. आणि मग म्हटलं जातं, लोकांना उत्साहच नाही.

उत्साह असतो. पण 'साहित्य पाठवा' म्हटलं की माणसाला वाटतं, हे काम आपलं नव्हे. शाळेत निबंधाच्या वहीत नुसत्या लाल खुणा पाहिलेला माणूस साठीतही लिहायला बिचकतो. त्याच्याकडे लेख मागाल तर तो हात जोडेल. त्यालाच विचारा, 'काका, टाकी बांधायच्या आधी आपल्याकडे पाणी कुठून यायचं?' की बघा, चहा गार होईपर्यंत बोलतील.

म्हणून माझा आग्रह आहे: आवाहन करू नका. एका माणसाकडे जा आणि जाताना एक प्रश्न घेऊन जा.

मी पुण्याची, म्हणून पुण्याचंच उदाहरण घेते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि त्याच दिवशी खडकवासल्याचंही. मुठेच्या काठच्या पेठांमधली घरंच्या घरं गेली. पूरग्रस्तांसाठी शहरात नव्या वसाहती झाल्या. सहकारनगर, गोखलेनगर, लोकमान्यनगर या भागांचा इतिहास त्या पुराशी जोडलेला आहे. तेव्हा दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आज सत्तरीच्या पुढे आहेत. आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. कात्रजकडून येऊन मुठेला मिळणारा हा ओढा त्या रात्री सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या पट्ट्यात घराघरांत शिरला. भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली.

म्हणजे सहकारनगरसारख्या एकाच भागात एक पूर बघून आलेली आजी आहे आणि दुसरा पूर बघितलेली तिची नात आहे. परिसराच्या अंकाला यापेक्षा मोलाचा मजकूर कुठून मिळणार? पण तो आपण होऊन कुणी पाठवणार नाही. जाऊन विचारावं लागेल.

आणि विचारताना काय विचारायचं, इथे खरी मेख आहे. 'पानशेतच्या आठवणी सांगा' म्हणालात, तर सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलेलंच परत ऐकायला मिळेल. त्याऐवजी विचारा: त्या सकाळी घरात कोण कोण होतं? निघताना हातात काय घेतलंत? पाणी ओसरल्यावर परत गेलात तेव्हा पहिल्यांदा काय शोधलंत? नव्या वसाहतीत शेजारी कोण आलं, आणि ते आधी कुठल्या पेठेतले होते? लहान प्रश्नाला माणूस खरं उत्तर देतो. मोठ्या प्रश्नाला भाषण देतो.

आंबिल ओढ्याबद्दल विचारताना तर आणखी बारकाईनं विचारा. पाणी कुठल्या फाटकातून आत आलं? अंदाजे किती वाजता? किती वेळात गुडघ्याला लागलं? गच्चीची किल्ली कुणाकडे होती? यातून निव्वळ आठवण मिळत नाही. पुढच्या पावसाळ्यात गाडी कुठे लावायची नाही, तळमजल्यावरच्या आजोबांना आधी कुणी वर न्यायचं, हे त्यातून ठरतं. शहराचं कुठलंही वर्तमानपत्र तुमच्या फाटकाबद्दल छापणार नाही. ते तुमच्याच अंकात येऊ शकतं.

[पडद्यावर: चार प्रश्न, एक माणूस, अर्धा तास]

आता प्रत्यक्ष पद्धत. फोनवर रेकॉर्डिंग लावायचं, आधी विचारून. अर्ध्या तासाच्या बोलण्यातून अंकात जातील असे तीनशे-चारशे शब्द निघतात, आणि तेवढे पुरतात. लिहिताना बोलणाऱ्याची भाषा ठेवा. कुणी नागपूरकडचे असतील, कुणी मालवणचे, कुणी लातूरहून आलेले. त्यांच्या तोंडचा शब्द बदलून तिथे पुस्तकी शब्द घातलात तर वाचणाऱ्याला तो माणूस ओळखू येणार नाही. ऱ्हस्व-दीर्घ जरूर तपासा. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आहेत, त्यांतल्या शेवटच्या चार नियमांची भर १९७२ साली पडली, आणि सगळे मिळून अठराच आहेत. एका बैठकीत वाचून होतात. पण शुद्धलेखन तपासणं वेगळं आणि माणसाचं बोलणं 'सुधारणं' वेगळं.

मग लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं. नुसतं पाठवायचं नाही, समोर बसून वाचायचं. वाचताना ते म्हणतात, 'हे नाव काढा, त्यांच्या मुलांना आवडणार नाही', किंवा 'अहो, एक राहिलंच सांगायचं', आणि ते राहिलेलंच पुष्कळदा सगळ्यात चांगलं असतं. खाली नाव त्यांचं, आणि त्याखाली छोट्या अक्षरात 'शब्दांकन' म्हणून तुमचं. लेखक तेच. हा मान पुरेपूर द्या. छापलेलं आपलं नाव बघितलेला माणूस पुढच्या अंकासाठी दुसऱ्याचं नाव सुचवतो. अंकाला माणसं मिळतात ती अशी.

कुणाकुणाकडे जायचं? फक्त सभासदांकडे नको. भाड्यानं राहणारी मंडळी, खोली घेऊन राहणारे विद्यार्थी, इस्त्रीवाले, सुरक्षारक्षक, चार घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशी, भाजीची गाडी लावणारे. परिसर यांच्यावर चालतो आणि सोसायटीच्या कागदावर यातल्या कुणाचंच नाव नसतं. रात्रपाळीच्या रक्षकाला रस्त्यावरचे दिवे कुठले आणि कधीपासून बंद आहेत ते चेअरमनपेक्षा जास्त माहीत असतं. त्याला मराठी लिहिता येत नसेल तर तो हिंदीत, नेपाळीत सांगेल. तुम्ही मराठीत लिहा, वाचून दाखवा, त्याचं नाव छापा.

एक सदर मात्र प्रत्येक अंकात ठेवाच: परिसरातलं जे माणूस गेलं त्याच्याबद्दल. जन्म, शिक्षण, नोकरी, पश्चात परिवार, हे सगळं शोकसभेच्या फलकावर येऊन गेलेलं असतं. तुम्ही शेजाऱ्यांना विचारा, त्यांनी तुमच्यासाठी काय केलं होतं? कुणी सांगेल, दहावीला त्यांनी गणित शिकवलं, फी घेतली नाही. कुणी सांगेल, आमच्या घरच्या लग्नात आठ पाहुणे त्यांच्याकडे उतरले होते. घरच्यांनाही माहीत नसलेल्या गोष्टी त्यांना यातून मिळतात. परदेशी असलेली मुलं हे पान जपून ठेवतात. त्यांच्यासाठी अंकाची पीडीएफ जरूर काढा.

आता भांडणाचे विषय. पार्किंग, कुत्री, गळती, थकबाकी. अंकात हे घ्यायचं की नाही? घ्यायचं. नाही घेतलं तर अंक हळदीकुंकू आणि गणपतीच्या फोटोंपुरता उरतो. पण तीन गोष्टी कटाक्षानं पाळा. निनावी पत्र छापायचं नाही. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याकडे छापण्याआधी जायचं आणि त्याचं म्हणणं त्याच पानावर घ्यायचं. आणि थकबाकीदारांची नावं अंकात छापायची नाहीत, कमिटीनं कितीही म्हटलं तरी. वसुलीला कायदेशीर मार्ग आहेत, अंक त्यासाठी नाही. शंभर प्रती काढल्या म्हणून कायदा सूट देत नाही. अब्रुनुकसानीचं कलम, आता भारतीय न्याय संहितेत ३५६, चार पानांच्या अंकालाही तसंच लागू आहे.

याच कारणानं सेक्रेटरी आणि संपादक एकच व्यक्ती नसावी असं माझं ठाम मत आहे. कमिटीला प्रत्येक अंकात एक चौकट द्या, ठरलेल्या आकाराची. त्यात त्यांनी टाकी धुण्याची तारीख द्यावी, लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा. बाकी पानांवर त्यांचा हात नको. कमिटी दर पाच वर्षांनी बदलते. अंक प्रत्येक नव्या कमिटीच्या बाजूनं लिहू लागला तर लोक तो रद्दीत टाकतात.

काय छापायचं नाही, याची आणखी थोडी यादी. 'अमुक कुटुंब महिनाभर मुलाकडे अमेरिकेला गेलं आहे' ही कौतुकाची बातमी परतल्यावर छापा, गेल्या-गेल्या नको. फ्लॅट नंबर, फोन नंबर, मुलांच्या शाळेची वेळ, बसचा थांबा, हे नको. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारूनच. माहिती चुकीची गेली तर पुढच्या अंकात, त्याच पानावर, त्याच आकारात दुरुस्ती.

नोंदणीबद्दल खूप जण विचारतात. १८६७ चा जुना कायदा गेला. त्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. ठरावीक काळानं छापलं जाणारं, ज्यात सार्वजनिक बातम्या किंवा त्यांच्यावरचं भाष्य आहे, ते नियतकालिक, अशी त्यात व्याख्या आहे. नोंदणी प्रेस सेवा पोर्टलवर होते. दुकानांच्या जाहिराती घ्यायच्या असतील, बाहेर वाटायचं असेल, भागातल्या बातम्या छापायच्या असतील, तर आधी परिसरातल्या एखाद्या वकिलांना हे दाखवा. कुठल्याही कॉलनीत एक तरी वकील असतात, आणि त्यांच्याकडेही एक प्रश्न घेऊन जाता येतं.

अंक कधी काढायचा? दर महिन्याला, असं उत्साहात ठरतं आणि त्यातच दम जातो. त्यापेक्षा आपल्या वर्षाला धरून चाला. पाडवा, पावसाच्या तोंडाशी जूनमध्ये, गणपती, दिवाळी, संक्रांत. वर्षाला पाच. जूनचा अंक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नाले साफ झाले का, कुठलं झाड धोकादायक आहे, झाकण नसलेलं चेंबर कुठे आहे, हे सगळं तारीख आणि फोटोसह त्यात यावं. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज करताना सोबत गेल्या तीन जूनचे अंक जोडता आले, तर 'दर वर्षी इथं पाणी साचतं' हे वाक्य नुसतं वाक्य राहत नाही.

दिवाळीच्या अंकाचं थोडं सांभाळून. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी म्हटलं की आपल्याला कथा-कविता आठवतात, आणि परिसराचा अंकही तसाच करायचा मोह होतो. कविता घ्या, जरूर घ्या. पण एक पान. बाकी तीन पानांवर परिसर हवा.

पानांचं थोडक्यात सांगते. पानं चारच्या पटीत: चार, आठ, बारा. अक्षर चौदा पॉइंटचं, कारण वाचणारे निम्मे चाळिशीचा चष्मा लावणारे आहेत. टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी चिन्हं दिसतात, आणि दहा वर्षांनी तर तो शोधताही येत नाही. मुक्तासारखे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. प्रूफ छापील कागदावर वाचा आणि ज्यानं टाइप केलं त्यानं नको, दुसऱ्यानं वाचा. व्यक्तींची नावं तर दोघांनी वाचा. आडनाव चुकलं की माणूस वर्षभर विसरत नाही.

वाटप दारात टाकून करू नका. शाळेतली मुलं असतील त्यांना मजले वाटून द्या, बेल वाजवून हातात द्यायला सांगा. मुलं परत येतात ती बातम्या घेऊन. कुणाकडे नातू झाला, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, कुणी म्हणालं, 'मागच्या अंकातली ती विहीर आमच्या वाड्यात होती.' पुढच्या अंकाचा प्रश्न तिथेच मिळाला.

आणि प्रती जपा. प्रत्येक अंकाच्या दोन छापील प्रती वेगळ्या ठेवा, एक कार्यालयात, एक जवळच्या वाचनालयात. पीडीएफच्या फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, म्हणजे यादी आपोआप क्रमानं लागते. रेकॉर्डिंगही पुसू नका, त्याच नावानं त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

पुढच्या व्हिडिओत एक कोरा ए-थ्री कागद घेऊन चार पानांची मांडणी करून दाखवते. तोवर तुमच्या परिसरातल्या एका माणसासाठी चार प्रश्न लिहून ठेवा.