रात्री किती उंचीवर झोपणार?

नमस्कार श्रोतेहो.

मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्या की लडाखची चौकशी करणारे फोन सुरू होतात. सहली आखून देणं हा माझा उद्योग, त्यामुळे प्रश्न आता पाठ झालेत. तिथे पोळी मिळते का, की नुसता भात आणि नूडल्स? जूनमध्येही थर्मल लागतात का? गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं? विमान रद्द झालं तर पैशांचं काय? आणि शेवटी, आवाज जरा खाली घेऊन, “सीमेवर सगळं ठीक आहे ना हो?”

यातल्या एकाही प्रश्नाला मी हसत नाही. शेवटच्या प्रश्नाला तर नाहीच. 22 एप्रिल 2025 ला पहलगामजवळ 26 जणांना मारलं, त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते. पुढच्या महिन्यात देशातली 32 विमानतळं काही दिवस बंद राहिली, त्यात लेह होतं. अशा वर्षानंतर कुणी घाबरून विचारत असेल तर ती भीती बिनबुडाची नाही. फक्त ती भीती तुमच्या-माझ्या हातातली नाही. आपल्या हातात एवढंच, की पैसे भरण्याआधी रद्द करण्याच्या अटी लेखी घ्यायच्या, आणि प्रवास विम्यात युद्धसदृश परिस्थिती वगळलेली आहे का ते वाचायचं. बहुतेक वेळा ती वगळलेली असते.

पण जो प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा, तो जवळपास कुणीच विचारत नाही. कुठल्या रात्री आपण किती उंचीवर झोपणार आहोत?

आपलं कळसूबाई 1,646 मीटर. महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. लेह शहर साधारण 3,500 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून वर. पहाटे मुंबईहून निघालेला माणूस दिल्लीत विमान बदलून त्याच सकाळी तिथे उतरतो. हवेतला ऑक्सिजन तिथेही शंभरात एकवीस भागच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो. एका श्वासात मिळायचं ते कमी मिळतं. शरीर यावर उपाय करतं, आणि बरा करतं. श्वास वाढवतं, मग मूत्रपिंडं रक्तातला क्षार बाहेर टाकून त्या वाढलेल्या श्वासाला जागा करून देतात. लेहला पोचल्यावर वारंवार लघवीला जावं लागलं तर कुरकुरू नका, काम नीट चाललंय. पण या कामाला दिवस लागतात, तास नव्हे.

आणि इथेच सहलीच्या जाहिराती घोटाळा करतात. “पाच रात्री, सहा दिवस, सगळं लडाख.” सुट्टी कमी, पैसे मोजलेले, म्हणून पहिल्या रात्रीनंतर लगेच खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोरं, तिथून पँगाँग तलाव. कागदावर देखणं दिसतं. आता यात झोपायची उंची बघा. नुब्रातलं हुंदर साधारण 3,100 मीटर, म्हणजे लेहपेक्षा खालीच. तिथली रात्र वाईट जात नाही. पण दुसऱ्या दिवशी श्योक नदीच्या काठाने थेट पँगाँगला गेलात, तर झोपणार सव्वाचार हजार मीटरच्या आसपास. एका दिवसात अकराशे मीटरची उडी. उंचीच्या आजारांवर काम करणारे डॉक्टर सांगतात, की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दिवसा उंच जाऊन या, चालेल. रात्र कुठे काढता त्याला महत्त्व.

पँगाँगची आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात सहसा नसते. उंचीचा त्रास वाढला तर खरा उपाय एकच, खाली उतरणं. पण पँगाँगहून लेहच्या रुग्णालयात यायचं तर वाटेत चांग ला ही खिंड, ती साधारण 5,360 मीटर. नुब्राहून यायचं तर खारदुंग ला, तीही जवळपास तेवढीच. म्हणजे खाली उतरण्यासाठी आधी हजार-दोन हजार मीटर चढायचं, तेही आजारी माणसाला घेऊन. म्हणून लेहमध्ये दोन पूर्ण रात्री काढल्याशिवाय मी कुणालाही पुढे पाठवत नाही, आणि लेहलाच डोकं दुखत असेल तर ते थांबेपर्यंत गाडी हलत नाही. यामुळे काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. जाऊ देत.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठीही हाच हिशोब. श्रीनगर साधारण 1,600 मीटर, कारगिल पावणेसत्तावीसशे, मग लेह. पायरी पायरीने चढ येतो. मनालीकडून मात्र जो दोन हजारांवर सकाळचा चहा पितो, तो सरचूच्या तंबूत रात्री बेचाळीसशेच्या वर आडवा होतो. अटल बोगद्यामुळे रोहतांग खिंडीचा वळसा वाचला, पण सरचू काही खाली आलं नाही. मनालीकडूनच जायचं असेल तर पहिला मुक्काम केलाँग किंवा जिस्पाला करा, आणि सरचूला गाडीतून हात दाखवून पुढे जा.

आता एक आपला खास मराठी घोळ. उंचीच्या त्रासाची सुरुवात कशी होते? डोकं दुखतं, मळमळतं, जेवण नको वाटतं, झोप लागत नाही. हे ऐकलं की आपल्याकडे निदान तयार असतं: पित्त! पहाटेचं विमान, रिकाम्या पोटी चहा, मग होणारच. बॅगेतून आवळा सुपारी निघते, एखादी पित्ताची गोळी घेतली जाते, आणि संध्याकाळी हे गृहस्थ सगळ्यांबरोबर शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला तयार. लेहला पोचल्यानंतर पहिल्या दीड दिवसात डोकं दुखलं, तर ते उंचीमुळेच आहे असं धरून चाला. नंतर पित्त निघालं तर उत्तम.

तब्येतीबद्दल एक गैरसमज तर फार पक्का आहे. आजी-आजोबांची काळजी सगळ्यांना, आणि रोज जिमला जाणाऱ्या पंचविशीतल्या मुलाची कुणालाच नाही. 1962 च्या युद्धानंतर आपल्या सैन्याला मोठ्या संख्येने त्या उंचीवर जावं लागलं. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1969 साली अशा 1,925 सैनिकांच्या आजाराच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. हे सगळे तरुण, कसलेले. व्यायामाने दम वाढतो, उंचीपासून संरक्षण मिळत नाही. उलट दमदार मुलगा पहिल्याच दिवशी बाजारभर हिंडतो, आणि आजी खोलीत शाल पांघरून बसून राहते. आजीचं बरोबर असतं. अर्थात हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार, गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, आणि ते नको म्हणाले तर ऐका. तान्ही मुलं तर सांगू शकत नाहीत. विनाकारण किरकिर आणि दूध नाकारणं हेच त्यांचं सांगणं.

गोळीबद्दलही फोनवर विचारतात. डायमॉक्स म्हणजे असेटाझोलामाइड हे औषध शरीराचं ते जुळवून घेण्याचं काम लवकर सुरू करतं. ते कुणी, किती घ्यायचं हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर. शेजाऱ्यांनी दिलेली पट्टी घेऊन जाऊ नका. कापराची पुरचुंडी रुमालात बांधून हुंगायची असेल तर हुंगा. तिचा उपयोग होतो असा पुरावा नाही, पण मनाला बरं वाटतं. मात्र कापूर कुणीही, अगदी चिमूटभरही, खायचा नाही. तो विषारी आहे, आकडी येऊ शकते. ऑक्सिजनचे ते छोटे डबे काही मिनिटांत संपतात, त्यांच्या जिवावर पँगाँगची रात्र काढायची नसते.

कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आहे, तो सगळे बरोबर घेतात. मग लेहच्या हॉटेलात 87 आकडा दिसतो आणि घाबरगुंडी उडते. पुण्यात 87 म्हणजे रुग्णालय. लेहमध्ये पहिल्या दिवशी धडधाकट माणसाचाही आकडा तेवढा असू शकतो, त्यात गार बोटं यंत्राला फसवतात. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. रात्री शेजारी झोपलेल्या नवऱ्याचा श्वास मधेच काही सेकंद थांबतो आणि मग जोरात सुरू होतो, तेव्हा बायकोची झोप उडते. त्या उंचीवर हे पुष्कळांना होतं, एवढ्यावरून घाबरू नका. दारू आणि झोपेची गोळी मात्र पहिल्या रात्री टाळा, दोन्हींमुळे श्वास मंदावतो.

घाबरायचं कशाला, तेही सांगते. नुसतं बसल्या जागी धाप लागणं, सारखा खोकला, गुलाबी फेस. हे फुप्फुसात पाणी साठल्याचं लक्षण, आणि ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्रीत दिसतं. किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, सरळ रेषेत पावलं टाकताना झोकांड्या जाताहेत. फरशीच्या रेघेवरून चालायला लावा, कळेल. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. लेहमध्ये सोनम नोर्बू स्मारक रुग्णालय आहे, तिथल्या डॉक्टरांना पर्यटकांची ही दुखणी सवयीची आहेत. आणि “माझ्यामुळे सगळ्यांना उशीर नको” असं म्हणून गप्प बसणाऱ्या काकूंना ग्रुपमधल्या कुणीतरी रोज सकाळी-संध्याकाळी मुद्दाम विचारावं. त्या आपणहून सांगणार नाहीत.

तर सहल ठरवताना आयोजकाकडून कार्यक्रमपत्रिका मागा, आणि प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे उंची लिहून द्यायला सांगा. ज्याला ती पाठ आहे, तो लगेच सांगेल. जो “काही होत नाही हो, सगळे जातात” म्हणेल, त्याला आगाऊ रक्कम देण्याआधी जरा थांबा. लेहची विमानं बहुतेक सकाळीच उडतात, हवा बिघडली की रद्द होतात, म्हणून परतीच्या वाटेवर दिल्लीत एक दिवस मोकळा ठेवा. दुसऱ्याच दिवशी ऑफिसात हजर व्हायचंय, असं ठरवून जाऊ नका.

आणि मागे घरी राहणाऱ्यांच्या काळजीचं. इकडचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि नुब्रा-पँगाँगच्या वाटेवर तेही तासन्‌तास गप्प होतं. निघण्याआधी घरी सांगून ठेवा, की या या दिवशी फोन येणार नाही. ड्रायव्हरचा आणि लेहच्या हॉटेलचा नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावा. म्हणजे आईने रात्री अकरा वाजता फोन करायचाच ठरवलं, तर तो मला न करता थेट हॉटेलला करता येईल.

नमस्कार.