पेशी जिवंत ठेवून प्रथिनं काढताना

श्रोतेहो, नमस्कार.

पेशीतली प्रथिनं तपासायची, तर प्रयोगशाळेत पहिलं काम असतं पेशी फोडण्याचं. साबणासारखं काम करणारा द्राव ओततात किंवा ध्वनिलहरींचा मारा करतात. पेशीचं स्निग्ध पटल फाटतं, आतला ऐवज बाहेर येतो. त्याबरोबर पेशीचीच विकरंही (एन्झाइम) मोकळी सुटतात आणि प्रथिनांचे तुकडे पाडू लागतात. म्हणून सगळं बर्फावर ठेवायचं, विकरांना रोखणारी रसायनं मिसळायची आणि हात भरभर चालवायचा. या पद्धतीला नावं ठेवण्याचं कारण नाही. प्रथिनांविषयीचं आपलं बरंचसं ज्ञान तिनंच दिलं आहे. पण तपासलेली पेशी मेलेली असते. सकाळी औषध दिलं, संध्याकाळी काय बदललं, हे त्याच पेशीत बघता येत नाही. दुसरी फोडावी लागते, आणि एकाच ताटलीत शेजारी वाढलेल्या दोन पेशीही हुबेहूब सारख्या नसतात.

नॅनोपदार्थांचं, म्हणजे नॅनोमीटरमध्ये (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) मोजाव्या लागणाऱ्या बारीक नळ्यांसारख्या वस्तूंचं, मोल मला वाटतं ते इथं. पेशी न फोडता त्यांनी आतला नमुना काढता येतो.

आपल्या शरीरातली पेशी साधारण 10 ते 20 मायक्रोमीटर, म्हणजे 10 ते 20 हजार नॅनोमीटर रुंद. तिचं पटल मात्र जेमतेम 5 ते 10 नॅनोमीटर जाड. या पटलातले रेणू सतत सरकत असतात, त्यामुळे अगदी बारीक भोक पडलं तर ते आपोआप बुजतं. म्हणून पटलात शिरणारी नळी पुरेशी बारीक असेल, तर पेशी ती जखम सोसते.

2014 मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी चुंबकीय केलेल्या कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, वापरल्या. चुंबकाच्या ओढीनं त्या जिवंत पेशीत शिरल्या आणि बाहेर पडल्या. पेशीत हिरवं चमकणारं प्रथिन होतं. बाहेर आलेल्या नळ्याही सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकल्या. प्रथिन चिकटून आलं होतं!

2017 मध्ये स्टॅनफर्डमध्ये निकोलस मेलोश यांच्या गटानं वेगळी वाट धरली. पातळ पडद्यातून वर आलेल्या सुमारे 150 नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ नळ्यांवर त्यांनी पेशी वाढवल्या. विजेचा हलका स्पंद दिला, की नळीच्या टोकाशी पटल क्षणभर उघडतं आणि आतले रेणू नळीवाटे खालच्या द्रावात झिरपतात. मग पटल मिटतं, पेशी जगत राहते, पुन्हा नमुना देते. प्रयोगशाळेत घडवलेल्या हृदयाच्या पेशींवरही त्यांनी हे करून दाखवलं.

अडचणी आहेत, आणि त्या मुळातल्या आहेत. नॅनोपदार्थ शरीरद्रवात शिरताच त्यावर प्रथिनांचा थर बसतो. कोणतं प्रथिन घट्ट धरलं जाईल, हे त्या पृष्ठभागाच्या रसायनावर ठरतं. त्यामुळे चिकटून आलेला नमुना म्हणजे पेशीतलं खरं प्रमाण, असं धरून चालत नाही. पोकळ नळीची पद्धत मला म्हणूनच अधिक भरवशाची वाटते. तिथं चिकटण्यावर भिस्त नाही, रेणू पसरत बाहेर येतात. तरी मोठी प्रथिनं हळू पसरतात, आणि पटलात किंवा केंद्रकात रुतलेली आतच राहतात.

दुसरी अडचण मोजणीची. डीएनएचा एक रेणू असला, तरी पीसीआरनं त्याच्या कोट्यवधी प्रती काढता येतात. प्रथिनांच्या प्रती काढणारी अशी युक्ती नाही. जेवढे रेणू हाती आले, तेवढ्यांवरच काम भागवावं लागतं. त्यामुळे नळ्या कितीही सुबक झाल्या, तरी एकेका पेशीच्या नमुन्यातून हजारो प्रथिनं ओळखायची, तर मास स्पेक्ट्रोमीटरची, म्हणजे वस्तुमानावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्राची, संवेदनशीलता त्यांच्या बरोबरीनं वाढायला हवी.