मार कुठे बसला, चूक कुठे झाली

(दृश्य: नाशिकमधलं सातपूर, संध्याकाळ. पत्र्याच्या शेडमधली रिंग. एक मुलगा लाल हेडगार्डमध्ये, दुसरा निळ्या.)

निळ्याचा उजवा हात लालच्या डाव्या गालावर बसला. रिंगबाहेरून लगेच आरोळी आली, "अरे, गार्ड वर ठेव!"

बॉक्सिंगच्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त ओरडलं जाणारं आणि सगळ्यात कमी कामाला येणारं वाक्य हेच असावं. लालचा गार्ड, म्हणजे चेहऱ्यासमोरचे हात, वरच होता, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) सुटेपर्यंत.

(दृश्य: तोच क्षण, संथ गतीत. फ्रेममध्ये पाय.)

व्हिडिओ दोन सेकंद मागे घेऊ. हात सोडा, पाय बघा. लाल लांबून जॅब मारतोय. अंतर पुरत नाही म्हणून तो कमरेतून पुढे झुकला आणि वजन पुढच्या गुडघ्याच्याही पुढे गेलं. मग तोल सावरताना हात गालाकडे सरळ परत आलाच नाही, छातीशी वळसा घेऊन आला. तेवढ्यात निळ्याचा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, वरून आत शिरला. मार गालावर बसला खरा, पण त्याचं मूळ अर्ध्या पावलात आहे. म्हणून या मुलाला सांगायचं ते एवढंच: "अर्धं पाऊल आत जा, मग मार."

जुन्या नाशकातल्या तालमीतून बॉक्सिंगकडे वळलेल्या मुलांमध्ये हा झोक जास्त पक्का असतो. कुस्तीत वाकून डोकं पुढे घातल्याशिवाय पकड मिळत नाही. इथे तेच डोकं खालून वर येणाऱ्या अपरकटच्या थेट वाटेवर येतं. सवय जुनी आहे, दोन दिवसांत जाणार नाही, हे प्रशिक्षकाने आधीच धरून चालावं.

(दृश्य: रिंगच्या कोपऱ्यात स्टँडवर लावलेला मोबाइल.)

एवढं बारीक दिसतं ते व्हिडिओमुळे, आणि व्हिडिओ नीट घेतला असेल तरच. बहुतेक जण मोबाइल हातात धरून चेहऱ्यांच्या मागे फिरतात, त्यात पाय कापले जातात. मोबाइल आडवा, रिंगच्या कोपऱ्यात, सगळ्यात वरच्या दोरीच्या थोडा वर ठेवा. दोघांचे पाय पूर्ण राउंडभर दिसले पाहिजेत. सेकंदाला 60 फ्रेमची सोय असेल तर तीच निवडा, नाहीतर हात नुसता धूसर दिसतो. आवाजही बंद करू नका. श्वास रोखून मारणारा खेळाडू ऐकू येतो, कॅनव्हासवर घासत येणारा मागचा पायही.

पाहताना आणखी एक मोजा: स्वच्छ बसलेले ठोसे. म्हणजे बंद मुठीच्या पुढच्या भागाने, डोक्याच्या किंवा कमरेवरच्या शरीराच्या समोरून वा बाजूने बसलेले. समोरच्याच्या ग्लोव्हजवर आदळलेले पंच गुणात धरत नाहीत. खेळाडूच्या मनातला आकडा आणि व्हिडिओतला आकडा क्वचितच जुळतो.

(दृश्य: घंटा. दोघं आपापल्या कोपऱ्यात.)

राउंड संपला. मध्ये मिनिटभर विश्रांती. पहिली वीस सेकंदं काही बोलायचं नाही. माऊथगार्ड बाहेर, घोटभर पाणी, श्वास. धापा टाकणाऱ्या पोराच्या डोक्यात तेव्हा काही शिरत नाही. मग एकच सूचना, आणि तीही "करू नकोस" अशी नाही, "कर" अशी. "हात खाली सोडू नकोस" ऐकल्यावर पुढे काय करायचं ते कळत नाही. "जॅब परत आणून गालाला लाव" हे करता येतं. शेवटच्या दहा सेकंदांत त्याच्याकडूनच ते वाक्य वदवून घ्या. नुसतं "हो सर" म्हणाला, तर समजलेलं नाही.

दिसलेल्या पाचही चुका एकदम सांगायचा मोह प्रत्येक प्रशिक्षकाला होतो. बाकीच्या चार वहीत लिहा.

मार खाणाऱ्यापेक्षा मारणाऱ्याला जास्त माहिती असते, हे आपल्याकडे कोणी वापरत नाही. स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, झाल्यावर निळ्याला विचारा, "तुला कधी कळलं की तो जॅब मारणार?" उत्तर बहुधा नेमकं येतं: "मारायच्या आधी तो डावा खांदा उचलतो." किंवा, "जॅब झाल्यावर तो तिथेच उभा राहतो." ही गोष्ट बाहेरून दिसत नाही.

(दृश्य: पॅडवर काम. जमिनीवर चिकटवलेली पांढरी पट्टी.)

आता दुरुस्ती. ती स्पॅरिंगमध्ये होत नाही, स्पॅरिंगमध्ये फक्त तपासली जाते.

आधी आरशासमोर शॅडो, म्हणजे हवेत ठोसे, दोन मिनिटांचे दोन राउंड. जॅब जाताना डावा खांदा हनुवटीला लागतो का आणि हात गेल्या वाटेनेच परत येतो का, एवढंच बघायचं. मग पॅड. प्रत्येक जॅबनंतर प्रशिक्षक आपल्या उजव्या हातातलं पॅड लालच्या डाव्या गालाकडे आणतो. हात परत आला असेल तर पॅड ग्लोव्हला लागतं, नसेल तर गालाला. शब्दांची गरज उरत नाही. तिसरी पायरी बांधलेल्या स्पॅरिंगची: लालने फक्त जॅब मारायचा, निळ्याने फक्त क्रॉस, जोर तीस टक्के. इथे हात टिकला तरच मोकळं स्पॅरिंग.

जमिनीवरची पट्टी दुसऱ्या चुकीसाठी आहे. क्रॉस मारल्यावर मागचा पाय ओढला जातो आणि दोन्ही पाय एका रेषेत येतात. क्रॉसनंतर छातीला पॅडने हलका धक्का द्या. मागे झोकांडला, तर पाय चुकलेत. डावखुऱ्यासमोर पायांचं गणित पुन्हा बदलतं: आपला पुढचा पाय त्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर हवा. त्याबद्दल खरं तर वेगळा व्हिडिओ लागेल.

(दृश्य: हिवाळ्याची सकाळ. तोंडातून वाफ. दोरीउड्या.)

प्रत्येक चूक तंत्राची नसते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो आणि पत्र्याची शेड आतूनही तितकीच गार असते. खांदे आखडलेले असताना जॅब आखूडच पडणार. दोरी आणि शॅडो मिळून वीस मिनिटं झाल्याशिवाय ग्लोव्हज घालू नका.

थकव्याचंही तसंच. स्पर्धेत ग्लोव्हज 10 किंवा 12 औंसांचे, स्पॅरिंगला 16 चे, म्हणजे एकेका हाताला साधारण 450 ग्रॅम. हात पहिल्याच अर्ध्या मिनिटात खाली येत असेल तर तंत्र दुरुस्त करा. फक्त तिसऱ्या राउंडमध्ये येत असेल तर पॅडवर वेळ घालवू नका, दम वाढवा. अंबडच्या कारखान्यात दिवसभर मशीनवर उभं राहून येणाऱ्या मुलाचं पहिल्या राउंडचं अर्धं मिनिटही थकव्याचंच असू शकतं. त्याचं स्पॅरिंग सुट्टीच्या दिवशी ठेवा.

एका बाबतीत मात्र घासाघीस नाही. हेडगार्डमुळे भुवई फुटणं कमी होतं, पण आत मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, यातलं काहीही दिसलं की त्या दिवसाचं स्पॅरिंग तिथेच बंद आणि डॉक्टरांकडे. स्वतः गाडी चालवत घरी जायचं नाही. स्पर्धेत डोक्याच्या फटक्याने नॉकआउट झालेल्याला किमान 30 दिवस स्पॅरिंगचीही मनाई असते. सरावात तोच नियम सैल करायचं काही कारण नाही.

(दृश्य: वही. तारखेखाली एका ओळीत दहा रेघा, सहांवर बरोबरची खूण.)

लालचं पुढचं मोकळं स्पॅरिंग आठवड्याने झालं. प्रत्येक राउंडमधून निवडलेले दहा जॅब तपासले. पहिल्या दोन राउंडमध्ये हात जवळजवळ प्रत्येक वेळी गालाला आला, तिसऱ्यात दहापैकी सहा वेळा. अंतर सुधारलंय, कमी पडतोय तो दम. सोमवारपासून त्याचं पॅडचं काम निम्मं होईल, सकाळी गोल्फ क्लब मैदानावर तीन-तीन मिनिटांच्या वेगाच्या फेऱ्या सुरू होतील, आणि वहीतल्या उरलेल्या चारांपैकी दुसरी चूक हातात घेतली जाईल: क्रॉसनंतर ओढला जाणारा मागचा पाय.