कणगी आणि कुलूप: सातपुड्यातील गरिबीची पन्नास वर्षे

(दृश्य: धडगावच्या वरच्या अंगाचा एक पाडा. कुडाच्या घरात शेणाने सारवलेली, धान्य साठवायची बांबूची कणगी.)

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव आणि अक्कलकुवा या डोंगराळ तालुक्यांतील गरिबी समजून घ्यायची असेल, तर घरातील कणगी कोणत्या महिन्यात तळाला जाते, हे आधी विचारावे. उताराची हलकी जमीन, पावसावरचे एकच पीक. मका, ज्वारी किंवा भगर होळीपर्यंत पुरली की पुढचे महिने मोहफुले, चारोळी आणि रानभाज्यांवर काढायचे, अशी येथील जुनी रीत होती. त्यातच इंग्रजी अमलात जंगल राखीव झाले आणि पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन सरकारी दप्तरात ‘अतिक्रमण’ ठरली.

खाली तापीच्या सुपीक खोऱ्यात अवस्था निराळी होती, पण बरी नव्हती. शहादा आणि तळोदा भागातील भिल्लांच्या जमिनी कर्जापोटी परक्यांच्या नावावर गेल्या होत्या आणि मूळ मालकांपैकी अनेक जण त्याच शिवारात सालदार म्हणून राबत होते. 1970 च्या दशकाच्या आरंभी अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी येथे जमीन आणि मजुरीचा लढा उभा केला. 1974 च्या कायद्याने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनी परत मिळण्याची वाट खुली झाली. 1972 च्या दुष्काळातून पुढे आलेली रोजगार हमी योजना 26 जानेवारी 1979 पासून कायदा म्हणून लागू झाली आणि गावाजवळच काम मागण्याचा हक्क मिळाला. या दोन गोष्टींचे मोल आम्ही फार मोठे मानतो, कारण त्या मागून मिळालेल्या नव्हत्या, लढून मिळाल्या होत्या.

नर्मदाकाठी मात्र नेमके उलटे घडले. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील 33 गावे बुडिताच्या छायेत आली आणि काठची गाळाची, सर्वांत कसदार जमीन आधी पाण्याखाली गेली. धडगाव तालुक्यातील बिलगावच्या लोकांनी श्रमदान करून उभारलेला छोटा जलविद्युत प्रकल्प 2003 मध्ये सुरू झाला. पाड्यांवर पहिल्यांदाच दिवे लागले. 2006 च्या पावसाळ्यात तो धरणाच्या पाण्यात बुडाला.

(दृश्य: रेशन दुकानासमोरची रांग.)

भूक मात्र मागे हटली आहे, हे मान्य करायलाच हवे. अंत्योदय कार्डावर महिन्याला मिळणाऱ्या 35 किलो धान्याने कणगी रिकामी झाल्यावरचे महिने पूर्वीइतके जीवघेणे राहिलेले नाहीत. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या मोजणीत, 2015-16 च्या पाहणीनुसार, नंदुरबारमधील 52.12 टक्के लोक गरीब होते. 2019-21 च्या पाहणीत हे प्रमाण बरेच खाली आले. वीज, शौचालय, बँक खाते, शाळा अशा बारा निर्देशकांवर ही मोजणी होते. त्या बारांत घराला कुलूप लावून बाहेरगावी काढलेले महिने मात्र कोठेच येत नाहीत.

कारण आज येथील रोख पैसा डोंगरात मिळत नाही. दिवाळीच्या सुमारास मुकादम उचल देतो आणि कुटुंबे दक्षिण गुजरातच्या उसात उतरतात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. ज्या मुलांना सांभाळायला घरी कोणी नसते, ती आई-वडिलांबरोबर फडावर जातात आणि वर्गातील त्यांची जागा रिकामी राहते. अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावच्या राजवाडी होळीसाठी अनेक जण परततात, तेव्हा पाडे गजबजतात. उचल फिटली नसेल, तर पुढच्या हंगामाचे श्रम आधीच विकलेले असतात. पूर्वीची सालदारी गेली, तिच्या जागी ही उचल आली, असे आमचे स्पष्ट मत आहे.

2006 च्या वनहक्क कायद्याने वनजमीन कसणाऱ्याच्या नावे पट्टा, म्हणजे हक्काचा दाखला, देण्याचे वचन दिले. पट्टा हाती आला की माणूस विहीर, बांध, आंब्याची कलमे यांत श्रम घालतो. परंतु अनेकांच्या पट्ट्यावरील क्षेत्र प्रत्यक्ष वहितीपेक्षा कमी भरले आहे.

(दृश्य: मे महिना. अंगणात आमचूर वाळत आहे.)

कैरी सोलायची, तिच्या फोडी करायच्या, त्या कडक उन्हात वाळवायच्या. बायका आणि मुले मिळून हे काम करतात. ढीगभर कैऱ्यांचे मूठभर आमचूर होते आणि त्याचा भाव बाजारात व्यापारी ठरवतो. आत चुलीवरच्या आढ्याला मक्याची कणसे धुरात टांगलेली आहेत. कणगीचा तळ दिसू लागला आहे. पण हे बियाणे आहे, आणि जूनच्या पहिल्या पावसापर्यंत त्याला कोणी हात लावत नाही.