60 वर अडकलेली बॅटरी

नमस्कार मंडळी. बेळगावात सकाळपासनं पाऊस लागलाय, खानापूरकडं तर विचारूच नका, आणि असल्या दिवसात लाईटीचा काय भरवसा, म्हणून लॅपटॉप चार्जिंगला लावावा तर तो 60 टक्क्याच्या वर सरकतच नाही, झालंय का असं कधी? माझ्या भाच्याचं झालं. रात्रभर चार्जर लावलेला, सकाळी बघतोय तर 60च. "मामा, बॅटरी गेली" म्हणून तोंड पाडून बसला. खडेबाजारात एका दुकानात नेला तर त्यांनी न उघडताच नवीन घाला म्हणून सांगितलं. मी म्हटलं थांब की जरा.

बॅटरी म्हातारी झाली की सहसा उलटंच होतं बघा. पटकन 100 दाखवते आणि वायर काढली की तासाभरात झोपते. कारण टक्के मोजतात ते आज जेवढं मावतंय त्याच्यावर. घागरीत निम्मा गाळ बसला तरी काठापर्यंत पाणी आलं की घागर भरलीच म्हणायची, तसं.

म्हणजे 60 नाहीतर 80 वर बरोबर येऊन थांबत असेल तर बहुतेक लॅपटॉपच मुद्दाम थांबतोय. लिनोव्होत कन्झर्वेशन मोड म्हणतात, आसुसमध्ये मायआसुस ॲपात सापडतं. लिथियमची बॅटरी कायम 100 ला आणि त्यात गरम राहिली की लवकर झिजते, म्हणून ही सोय. भाच्याचा मोड बंद केला, दुपारपर्यंत 100. चालू कुणी केलेला? त्यानंच, कुठलातरी व्हिडिओ बघून!

मोड बंद असूनही भरत नसेल तर चार्जरवरचे वॅट वाचा, 65 वाल्याला मोबाईलचा बारका चार्जर लावून कसं चालेल. गादीवर ठेवून तापवत असाल तरी चार्जिंग मध्येच थांबतं. 95 च्या पुढं लगेच जात नाही म्हणून घाबरू नका, बऱ्याच मशीनचं ते नॉर्मल आहे. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे हुकूम टाईप करायच्या काळ्या खिडकीत, पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट, असं इंग्रजीत टाईप करा, एक फाईल तयार होते, त्यात डिझाईन कपॅसिटी (नवीन असताना मावायचं ते) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आज मावतंय ते) शेजारी ठेवून बघा. 50,000 च्या जागी 25,000 आलं तर निम्मी संपली.

आणि टचपॅड वर उचललेलं दिसलं, खालचं झाकण फुगलं, तर चार्जर काढा, मशीन बंद करा, दाबून बसवायला जाऊ नका. तेव्हा मात्र दुकानवाला नवीन घाला म्हणाला की वाद घालत बसू नका.