फांदी लांब की अजगर?

श्रोतेहो, नमस्कार. आज जाऊया पश्चिम आफ्रिकेतल्या घानाला, तिथल्या अशांती नावाच्या लोकांच्या गोष्टी ऐकायला. तिथं सांगणारा आधीच बजावतो : आम्ही सांगतोय ते खरं नाही हं, खरं नाही! मग काय, थापांना मोकळं रान.

नायक आनान्सी, म्हणजे जाळं विणणारा कोळी. पूर्वी सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेच्या ताब्यात. आनान्सी म्हणाला, मला विकत द्या. न्यामेनं किंमत सांगितली : अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या आणि रानातली मोआतिया परी. भलीभली गावं हात हलवत परतली होती.

आनान्सीनं घरी बायकोला, आसोला, विचारलं. ती म्हणाली, ताडाची फांदी तोडा, वेल घ्या, चला. ओढ्यापाशी येताच यांचं भांडण सुरू.

"फांदी लांब!"

"छट्, तोच लांब!"

अजगरानं मान वर केली. "काय झालं हो?"

"बघा ना, ही म्हणते फांदी तुमच्यापेक्षा लांब. मी म्हणतो, खोटं बोलते ही."

आता कुठला अजगर हे ऐकून गप्प बसेल? "आण ती फांदी. मोज मला!" म्हणत स्वतःच ताठ आडवा झाला. वेलीचे वेढे पडले, न्वेनेने, न्वेनेने... शेपटीपासून डोक्यापर्यंत. झालं, अजगर न्यामेच्या दारात! अक्कल आसोची, नाव आनान्सीचं. हे काही फक्त घानातच होत नाही म्हणा.

गांधीलमाश्यांवर पाणी शिंपडलं, पाऊस आला म्हणून भोपळ्यात बोलावलं आणि तोंड बंद केलं. बिबट्या खड्ड्यात. परी डिंकाच्या बाहुलीला चिकटली.

आणि ऐकणारे? ते सांगणाऱ्याला मध्येच थांबवतात, गाणं धरतात, नाचतात. याला म्बोगुओ म्हणतात. पुन्हा सांगतो, गोष्ट थांबवायचा हक्क ऐकणाऱ्याला! आपल्याकडे मात्र हाताची घडी, तोंडावर बोट. गोष्टीच्या तासालासुद्धा! घानाच्या लेखिका एफुआ सदरलँड यांनी म्बोगुओ रंगमंचावर आणलं.

1970 साली अमेरिकेत गेल हेली यांनी या गोष्टीचं चित्रपुस्तक केलं. 1971 मध्ये त्याला कॅल्डेकॉट पदक, म्हणजे मुलांच्या चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार, मिळालं. चित्रं सुरेख आहेत, "खरं नाही हं"सुद्धा ठेवलंय. पण किंमत तीनच जणांची : बिबट्या, गांधीलमाश्या, परी. अजगर गायब! म्हणून ते पुस्तक पोरांना वाचून दाखवाल तेव्हा अजगर आपल्या पदरचा घाला. फांदीला स्वयंपाकघरातलं लाटणंही चालेल.