अंगाचा वास, अत्तर आणि ओढ

नमस्कार मंडळी. समोर कॉलेजची मुलंमुली आहेत आणि मागच्या रांगांमध्ये त्यांच्या आजी-आजोबांच्या वयाची माणसंही बसलीयत, तर सगळ्यांना ऐकता येईल असंच बोलते, पण मोघम बोलणार नाही. मी केमिस्ट्री शिकवते आणि वासाची केमिस्ट्री माझ्या आवडीची, हे पोरांना माहितीये, त्यामुळे वर्ग सुटला की कोणीतरी हळूच येऊन विचारतंच, मॅडम असा कुठला परफ्यूम आहे का की जो मारला की समोरचा माणूस आपोआप खेचला जाईल. नाहीये. कुठल्याही किमतीचा नाहीये. पण वासाचा आणि प्रेमाचा काहीच संबंध नाही असंही कोणी सांगू नका, संबंध आहे आणि फार घट्ट आहे, फक्त तो जाहिरातवाले दाखवतात त्या जागी नाहीये. पहिल्या भेटीत वास थोडंसंच काम करतो. खरं काम नंतरचं, माणूस आपलं वाटायला लागतं ना, तिथलं.

आधी त्या फेरोमोनचं बघू, कारण ऑनलाइन 'फेरोमोन परफ्यूम' म्हणून बाटल्या विकायला असतात आणि मुलं पॉकेटमनी साठवून त्या घेतात. फेरोमोन म्हणजे एका प्राण्याने सोडलेलं आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याचं वागणं बदलणारं द्रव्य. ही खरी गोष्ट आहे, पण ती कोणाची ते बघा. १९५९ मध्ये बुटेनांट या जर्मन शास्त्रज्ञाने रेशमाच्या मादी पतंगांपासून बॉम्बिकॉल नावाचं द्रव्य वेगळं काढलं, त्यासाठी जवळपास ५ लाख पतंग लागले आणि हाताशी आलं ते काही मिलिग्रॅम. नर पतंगाला त्याचे मोजके रेणू जरी लागले तरी तो पंख फडफडवत मादीच्या दिशेने निघतो, विचार वगैरे काही नाही. डुकरांमध्ये नराच्या लाळेत अँड्रोस्टेनोन असतं, माजावर आलेल्या मादीला तो वास आला की ती जागच्या जागी खिळते, आणि कृत्रिम रेतन करताना त्याचा स्प्रेही वापरतात. आता हेच डुकराचं द्रव्य किंवा त्याचा चुलतभाऊ बाटलीत घालून माणसांना विकतात. माणसांना अँड्रोस्टेनोन कसं लागतं माहितीये? काहींना त्याचा वासच येत नाही, काहींना गोडसर वाटतं आणि काहींना सरळ लघवीचा वास येतो, आणि हे बरंचसं नाकातल्या वास पकडणाऱ्या एका रिसेप्टरच्या जीनवर ठरतं, २००७ साली ते कळलं. म्हणजे पोरगा पैसे घालवून बाटली आणणार आणि समोरच्या मुलीला त्यातून मुतारीचा वास यायची पूर्ण शक्यता! प्राण्यांमध्ये हे संदेश पकडायला नाकात एक वेगळं इंद्रिय असतं, मोठ्या माणसांमध्ये त्याचे जेमतेम अवशेष उरलेत आणि ते काम करत नाहीत असंच बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. ऑक्सफर्डच्या ट्रिस्ट्रम वायट यांनी २०१५ मध्ये या सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला आणि स्पष्ट लिहिलं की माणसाचं फेरोमोन म्हणून पक्कं सिद्ध झालेलं एकही रसायन आजवर नाही. त्यामुळे ज्यांनी घेतली असेल त्यांनी दुसरी घेऊ नका, एवढंच.

मग अंगाच्या वासाचं काय? काखेत एका विशिष्ट प्रकारच्या घामाच्या ग्रंथी असतात, त्या वयात आल्यावरच कामाला लागतात, हे लक्षात घ्या, लहान मुलाच्या काखेला तसा वास नसतो. त्यातून जे बाहेर येतं त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, कातडीवरचे जिवाणू ते खातात, तोडतात आणि मग वास तयार होतो, म्हणून प्रत्येकाचा वेगळा. १९९५ चा स्वित्झर्लंडमधला बर्न विद्यापीठाचा टी-शर्टचा प्रयोग तुमच्यातल्या काहींनी ऐकला असेल. क्लाउस वेडेकिंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४४ मुलांना सुती टी-शर्ट दिले, दोन रात्री तेच घालून झोपा, साबण बिनवासाचा वापरा, परफ्यूम नको, सिगरेट नको, मसालेदार खाणं नको. मग ते शर्ट खोक्यात ठेवले, खोक्याला वास घेण्यापुरतं भोक, आणि ४९ मुलींना वास घेऊन आवडला का ते सांगायला लावलं. आपल्या पेशींवर जी प्रथिनं बघून शरीर आपलं कोण परकं कोण ठरवतं, किडनी बदलताना डॉक्टर जी जुळवून बघतात, त्या प्रथिनांचे जीन सगळ्यांचे तपासलेले होते. निघालं असं की ज्यांचे हे जीन आपल्यापेक्षा वेगळे त्या मुलांचा वास मुलींना जास्त बरा वाटला, आणि त्या वासाने त्यांना आपल्या आत्ताच्या किंवा आधीच्या जोडीदाराची आठवणही जास्त वेळा झाली. ज्या मुली गर्भनिरोधक गोळ्या घेत होत्या त्यांच्यात कल उलटा दिसला.

हा प्रयोग इतका गाजला की त्यावर डेटिंगच्या पार्ट्या निघाल्या, मळलेले टी-शर्ट पिशवीत घालून आणायचे आणि वासावरून जोडीदार निवडायचा. पण नंतर बाकीच्या ठिकाणी तसेच प्रयोग झाले, काहींत असं दिसलं काहींत नाही, आणि सगळे एकत्र करून बघितल्यावर परिणाम फारच पुसट निघतो. मला स्वतःला वाटतं की यात काहीतरी आहे, पण लग्न ठरवण्याइतकं नक्कीच नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम बोलते कारण व्हॉट्सअॅपवर फिरत असते, की बघा आपल्या पूर्वजांना हे जीनचं आधीच माहिती होतं, म्हणून सगोत्र लग्न नको म्हणत. गोत्र फक्त बापाकडून येतं, आणि हे जीन मात्र निम्मे आईकडून निम्मे बापाकडून. शिवाय महाराष्ट्रातच कितीतरी समाजांमध्ये मामाच्या मुलीशी लग्न चालतं, काही घरांत तर मामाच्या मुलीवर पहिला हक्क समजतात, गोत्र वेगळं पण रक्ताने अगदी जवळची. त्यामुळे गोत्राला विज्ञानाचं लेबल लावू नका. आणि सरळच सांगते, दोन मुलं एकमेकांना पसंत असताना गोत्र काढून मोडता घालणाऱ्यांच्या हाती आणखी एक हत्यार द्यायची माझी इच्छा नाही.

आता अत्तराकडे येऊ. आपण धरून चालतो की परफ्यूम अंगाचा वास झाकायला लावतात. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात २०१२ साली याच्यावर फार छान काम झालं. पुरुषांना एका काखेत स्वतःच्या आवडीचा, नेहमीचा परफ्यूम लावायला सांगितला आणि दुसऱ्या काखेत संशोधकांनी दिलेला. नुसते परफ्यूम हुंगायला दिले तेव्हा लोकांना दोन्ही सारखेच आवडले. पण अंगावरच्या वासात मिसळल्यावर स्वतः निवडलेला परफ्यूम जास्त चांगला वाटला. म्हणजे माणूस नकळत असा वास निवडतो की जो त्याच्या अंगाशी जुळतो. म्हणून माझं एक कळकळीचं सांगणं आहे, कोणाला सरप्राइज म्हणून परफ्यूम देऊ नका, त्याला दुकानात घेऊन जा आणि त्याच्या मनगटावर लावून बघू द्या. मोहम्मद अली रोडवर अत्तराच्या दुकानात जुने दुकानदार काचेच्या काडीने हातावर एक रेघ ओढतात आणि जरा फिरून या म्हणतात, ते अगदी बरोबर करतात. पहिल्या पाच मिनिटांत जे उडतं ते लिंबू-संत्र्यासारखं हलकं काहीतरी असतं, मग फुलं येतात, आणि तासाभराने जे चंदन, ऊद, कस्तुरीसारखं मागे राहतं तेच जवळ येणाऱ्या माणसाला येणार असतं. बाटलीच्या तोंडाशी नाक लावून घेतलेला परफ्यूम म्हणजे नुसता फोटो बघून पक्कं केलेलं स्थळ.

मोगऱ्याचं अत्तर जवळून बघा कधीतरी. कनौजला अजूनही तांब्याच्या डेगमध्ये, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी घालतात, झाकण मातीने लिंपतात, खाली लाकूड किंवा गोवऱ्या जाळतात, वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात ठेवलेल्या भपक्यात, म्हणजे दुसऱ्या भांड्यात, उतरते आणि भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं, ते तो वास धरून ठेवतं. आता चंदन महाग झालं म्हणून बरेच जण त्याजागी पॅराफिनसारखं तेल वापरतात, आणि मग ते अत्तर कातडीवर तसं बसत नाही. मोगऱ्याच्या आणि जाईच्या वासात इंडोल नावाचा एक रेणू असतो. नुसता आणि भरपूर घेतला तर इंडोल घाण लागतो, विष्ठेतही तोच असतो, पण फुलात तो चिमूटभर असतो आणि त्याच्यामुळेच मोगरा नुसता गोड न राहता असा अंगाजवळचा, उबदार, संध्याकाळी डोकं भारून टाकणारा होतो. ही पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि जोरात वास सोडतात ती मुळात रात्री फिरणाऱ्या पतंगांना बोलवायला, आपल्यासाठी नाही. तरी गजरा माळलेली बायको शेजारून गेली की नवरा मान वर करतो, यात माणसाच्या अंगाच्या वासाची एक छटा फुलातही असते हे कारण असावं असं मला वाटतं. आणि दुसरं म्हणजे सवय. आपल्याकडे गजरा सणावाराला, लग्नाला, खास दिवसालाच येतो, तो वास नाकात त्याच आठवणींबरोबर बसलेला असतो. वासाची वाट मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागाला अगदी लागून जाते, नजर किंवा आवाज तिथे वळसा घालून पोचतात.

हे शास्त्र आपल्याकडे फार जुनं आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सहाव्या शतकात गंधयुक्तीवर, म्हणजे सुगंध बनवण्याच्या कलेवर, अख्खं प्रकरण आहे, तिथे १६ द्रव्यांपैकी चार-चार घेऊन वेगवेगळ्या प्रमाणात मिसळली तर १,७४,७२० सुगंध होतात असा चक्क हिशोब मांडलाय! बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर, ज्याच्या मानसोल्लास या ग्रंथात मराठी बायकांच्या ओवीचा उल्लेख सापडतो, त्याने राजाच्या उपभोगांमध्ये अंगाला लावायची उटी आणि धूप यांना स्वतंत्र जागा दिलीय. तेव्हापासून शृंगारात सुगंध आहेच. लग्नात पाहुण्यांच्या हातावर अत्तर लावायचं, कानात फाया ठेवायचा, ही त्याच परंपरेची शेपटी.

बरं, मग डिओ मारल्याने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण मजा बघा कुठे पडतो. क्रेग रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये इंग्लंडात काही मुलांना सुगंधी डिओ दिला आणि काहींना वास नसलेला. मग त्यांचे छोटे व्हिडिओ काढून आवाज बंद करून मुलींना दाखवले. मुलींना कसलाही वास येत नव्हता, तरी डिओ लावलेली मुलं त्यांना जास्त आकर्षक वाटली, आणि नुसत्या फोटोत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे वासाने पोरांचं चालणं-बोलणं बदललं, आत्मविश्वास आला. हे मला त्या जाहिरातींपेक्षा कितीतरी आवडतं, ज्यांच्यात एक फवारा मारला की बायका धावत येतात. २०११ मध्ये केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्यालाच डिओच्या जाहिरातींबद्दल तक्रार करावी लागली होती, इतकं ते वाढलं होतं, आणि त्या पाहून मोठी झालेली मुलं बंद लिफ्टमध्ये शिरली की डोळ्यात पाणी येतं. हाताच्या अंतरावर जाणवेल इतका वास पुरे.

आणखी एक, स्वतःच्या नाकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, कारण काय आवडायचं हे बरंचसं शिकवलेलं असतं. सुकटीचा वास आला की सोसायटीत नाकं मुरडणारे लोक आहेत आणि त्याच वासाने घरची आठवण येऊन गलबलून येणारेही आहेत. दुसऱ्याच्या घरचा, दुसऱ्या जातीचा वास नको हे नाकाने ठरवलेलं नसतं, घरच्यांनी कानात भरवलेलं असतं, आणि एकत्र राहायला लागलं की सहा महिन्यांत तोच वास आपल्या घराचा होतो.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात २०१८ साली ९६ जोडप्यांवर प्रयोग झाला. पुरुषांनी २४ तास घातलेला टी-शर्ट, डिओ न लावता, आणि बायकांना नवऱ्याचा किंवा जोडीदाराचा, परक्याचा किंवा कोरा, यातला एक हुंगायला दिला आणि मग इंटरव्ह्यू, तोंडी गणितं असा ताण दिला. जोडीदाराचा वास ज्यांना मिळाला त्यांना ताण कमी जाणवला, परक्याचा वास मिळालेल्यांच्या लाळेत कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, जास्त निघालं. त्याच विद्यापीठाने २०२० मध्ये दाखवलं की उशीवर जोडीदाराचा वापरलेला शर्ट असेल तर झोपही थोडी बरी लागते. ज्यांचा नवरा बोटीवर आहे किंवा गल्फमध्ये आहे त्यांना हे सांगायला प्रयोग लागत नाही, त्याचा एक शर्ट न धुता कपाटात ठेवलेला असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, शरीर त्या वासाला सुरक्षित समजतं.

आणि वासच येत नसेल तर काय होतं तेही आपण बघितलंय. जर्मनीत ड्रेस्डेनला जन्मापासून वास न येणाऱ्या माणसांचा २०१३ मध्ये अभ्यास झाला, त्यात पुरुषांच्या आयुष्यातली नाती संख्येने कमी होती आणि बायकांना जोडीदाराबद्दल कमी खात्री वाटत होती. कोविडनंतर कित्येकांचा वास गेला, काहींचा परत आला तो वाकडा होऊन, कॉफी जळकी लागते, आणि जवळच्या माणसाच्या अंगाचा वास नकोसा होतो. नवरा-बायकोत यावरून दुरावा येतो आणि कोणाशी बोलताही येत नाही. तर ज्यांना असं होतंय त्यांनी जोडीदाराला मोकळेपणाने सांगा की हे तुझ्यामुळे नाहीये, माझ्या नाकामुळे आहे, आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा. नाकाचा व्यायाम असतो, गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी, चार बाटल्यांतले वास रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकाला साधारण वीस सेकंद, लक्ष देऊन, निदान १२ आठवडे. सगळ्यांना गुण येत नाही, पण बऱ्याच जणांना येतो. त्या चार बाटल्या मी आज आणल्यात, टेबलावर ठेवते, ज्यांना बघायच्या असतील त्यांनी या, आणि प्रश्न असतील तर आता विचारा.